आजीला कुठल्या योगवर्गात घालायचं?

पीएचडीचा विषय विचारला की मी 'आधुनिक योगोपचाराचा इतिहास' असं सांगते. त्यावर पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "मग आमच्या आईला कुठला योग सांगशील? बीपी आहे, गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही." मी इतिहासाची विद्यार्थिनी, डॉक्टर नाही, असं म्हणून मी सटकते. लग्नकार्यात तर हमखास. पण हा प्रश्न टाळत असतानाच माझ्या घरात तो उभा राहिला, म्हणून आजची पोस्ट त्यावर.

माझी आजी ७६ वर्षांची. हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत आधीच कळलं होतं. घरातल्या सगळ्यांनी (मीही त्यात होते) तिला जवळच्या एका योगवर्गात घातलं. शिक्षक चांगले होते, मनापासून शिकवायचे. पंचवीस-तीस जणांना एकदम, 'एक, दोन, तीन, चार'च्या तालावर. पाय लांब करून पुढे वाकायचं आणि अंगठे पकडायचे, हे आजीला जमत नव्हतं. पण शेजारच्या बाईंना जमतंय म्हटल्यावर ती नेटाने करत राहिली. तिसऱ्या आठवड्यात पाठीत कळ आली. एक्सरेमध्ये एक मणका दबलेला दिसला. तो त्याच दिवशी दबला की आधीच हळूहळू दबत होता, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही.

घरात दोन तट पडले. काका म्हणाले, "या वयात कशाला हवा योग?" आत्या म्हणाली, "योगाने कधी कुणाचं वाईट होत नाही, हिनेच चुकीचं केलं असणार." मला दोघांचंही पटलं नाही. आणि का पटलं नाही, ते माझ्या संशोधनातल्या सामग्रीतच होतं. योगाने वाईट होतं की नाही, हा माझ्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. ते 'एक, दोन, तीन, चार' आलं कुठून, आणि माझी आजी त्या रांगेत कशी जाऊन बसली, हे मला शोधायचं होतं.

अगदी मुळापासून सांगायचं तर म्हातारपण आणि योग यांची गाठ जुनी आहे. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत स्वात्माराम स्पष्ट म्हणतो की तरुण असो, म्हातारा असो, अतिम्हातारा असो, आजारी वा दुबळा असो, अभ्यास केला तर प्रत्येकाला फळ मिळतं. आत्याचं आवडतं वचन. पण याच ग्रंथात पंधरा आसनं सांगितली आहेत, आणि ज्याचा गुडघाच वाकत नाही अशा माणसाने ती कशी करायची, यावर एक अक्षर नाही. तिथे परवानगी आहे, पद्धत नाही. पद्धत गुरूने समोर बसून सांगायची, हे गृहीतच धरलेलं. ती पद्धत लिहिली, मोजली, छापली जायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि त्यातला मोठा भाग आपल्या मुंबई-लोणावळा-पुणे या पट्ट्यात घडला.

गुजरातमध्ये नर्मदाकाठी मालसर इथे परमहंस माधवदासजी नावाचे एक वृद्ध योगी होते. त्यांचे दोन शिष्य महत्त्वाचे. पहिले मणिभाई देसाई, म्हणजे पुढचे श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली. संसारी माणसाला झेपेल असा सोपा योग, हा त्यांचा ध्यास. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले आणि पुढे अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचं काम केलेले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं.

'योगमीमांसा'चे जुने अंक वाचताना गंमत वाटते. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत दाब किती उतरतो ते यंत्र लावून मोजलेलं आहे. एक्सरे काढलेले आहेत. नौलीत मोठ्या आतड्यात जी पोकळी तयार होते तिला कुवलयानंदांनी गुरूचं नाव दिलं: माधवदास पोकळी. गुरुदक्षिणा म्हणून हे जरा विचित्रच, पण मला फार आवडतं.

आता माझा मुद्दा. कुवलयानंदांनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गोष्टी सुरू केल्या, आणि आपण आज त्या दोन्हींची गल्लत करतो.

पहिली गोष्ट कवायतीची. १९३०च्या दशकात मुंबई प्रांतात शारीरिक शिक्षणाचा विचार जोरात चालू होता. कुवलयानंद त्यात आघाडीवर होते. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी 'यौगिक संघ व्यायाम' बसवला. मोठ्या गटाने, हुकमावर, मोजणीवर करायचा. त्याच्या मागे चांगला विचार होता: शिक्षक थोडे, मुलं पुष्कळ, पटांगण मोठं, साधनं शून्य. शिवाय आपल्या व्यायामपद्धती कुणापेक्षा कमी नाहीत, हे दाखवायचं होतं. रांगेत उभी मुलं, एकच आवाज. 'एक, दोन, तीन, चार' इथलं आहे, बारा-चौदा वर्षांच्या निरोगी पोरांसाठी बनवलेलं.

दुसरी गोष्ट रुग्णाची. इथे माणूस एकटा यायचा, त्याची तक्रार ऐकली जायची, तपासलं जायचं, आणि त्याच्यापुरता आसनांचा क्रम ठरायचा. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे महात्मा गांधी. १९२७च्या मार्चमध्ये दौऱ्यावर असताना त्यांची तब्येत एकदम ढासळली, रक्तदाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. ते विश्रांतीसाठी नंदी हिल्सला आणि मग बंगळूरला राहिले. त्या काळात त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालू होता. गांधी तेव्हा ५७ वर्षांचे. आजच्या हिशेबात हे काही वय नव्हे, पण हिंदुस्थानात जन्मणाऱ्याचं सरासरी आयुर्मान तेव्हा तिशीच्याही खाली होतं, हे लक्षात घ्या.

ही पत्रं वाचताना मला त्यातला गांधी-महिमा तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. मला त्यातला रुग्ण दिसतो. अमुक केलं, तमुक वाटलं, रक्तदाब इतका आला, हे पुढे चालू ठेवू का? स्वभावानेच प्रयोगी माणूस, त्यामुळे नोंदी चोख. सांगणारा गुरू असला तरी तो 'श्रद्धा ठेव' म्हणत नाही, बदल काय झाला ते विचारतो. सांगणं, करून बघणं, कळवणं, बदलणं. वयस्क आणि आजारी माणसासाठी योग बसवायचा तर हेच चक्र लागतं, आणि ते कवायतीत बसूच शकत नाही, कारण कवायतीत रांगेतल्या माणसाला बोलायची सोय नसते.

दोन्ही धारा पुढे वाढल्या. रुग्णाची धारा हॉस्पिटलपर्यंत पोचली. १९६९ मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाब आणि शवासन यावर एक शोधनिबंध छापला. रुग्ण ४७. लेखकांत एक नाव एस. एल. विनेकरांचं आहे, कैवल्यधामाचे डॉक्टर. त्यांनीच १९६३ मध्ये कुवलयानंदांबरोबर योगोपचारावरचं पुस्तक लिहिलं होतं. रुग्णांना शवासन नीट शिकवलं, नेमाने करून घेतलं, आणि बऱ्याच जणांची औषधांची मात्रा कमी करता आली. आजच्या मोजमापाने हा अभ्यास लहानच. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी 'लॅन्सेट'मध्ये याच दिशेने २० रुग्णांचा अभ्यास छापला. सगळ्या आसनांतून त्यांनी कुठलं निवडलं ते बघा. ज्यात काहीच 'करायचं' नसतं ते. फोटोत सगळ्यात कंटाळवाणं दिसणारं. योगाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मी आजवर शवासन पाहिलेलं नाही.

आता थोडं दक्षिणेकडे जाऊ, कारण पुण्याची गोष्ट तिथून सुरू होते.

तिरुमलाई कृष्णम्माचार्य (१८८८–१९८९) मैसूरच्या राजवाड्यात योगशाळा चालवायचे. समोर तरुण मुलं. त्यामुळे तिथला योग उड्या मारणारा, घाम काढणारा, एका आसनातून दुसऱ्यात झेपावणारा. आज जगभर 'अष्टांग' म्हणून जो जोरकस प्रकार शिकवला जातो तो याच शाळेत शिकलेल्या पट्टाभी जोइसांचा. योगशाळा १९५० मध्ये बंद झाली. १९५२ मध्ये कृष्णम्माचार्यांना मद्रासला बोलावणं आलं, पक्षाघात झालेल्या एका नामवंत कायदेपंडितांच्या उपचारासाठी. ते मग मद्रासचेच झाले, आणि तिथे त्यांच्याकडे येणारी माणसं वेगळी होती: प्रौढ, आजारी, कामात अडकलेली. तिथे मुलगा देशिकाचारांच्या हाताखाली जी पद्धत आकाराला आली ती जवळजवळ उलट आहे. सावकाश, श्वासाला धरून, एका वेळी एकाला, आणि त्या माणसाला जे लागू तेवढंच.

म्हणजे गुरू तोच. समोरचं शरीर बदललं आणि योग बदलला. मैसूरचा 'खरा' आणि मद्रासचा 'सौम्य केलेला', असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. मैसूरचा योगही मुलांसाठी जुळवून घेतलेलाच होता, फक्त आपण त्याला तसं म्हणत नाही.

या माणसाच्या आयुष्याचा शेवटचा भाग मी व्याख्यानांत नेहमी सांगते. १९८४ मध्ये, ९६व्या वर्षी, कृष्णम्माचार्य पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेला त्यांनी नकार दिला आणि अंथरुणात पडल्या पडल्या करता येईल असा अभ्यासक्रम स्वतःच स्वतःसाठी बसवला. (तुमच्या घरी कुणाचा खुबा मोडला तर कृपा करून हे उदाहरण डॉक्टरांना सांगू नका. शस्त्रक्रिया करून घ्या.) नकार बरोबर होता की चूक, हा माझा विषय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी विचारलेला प्रश्न, या शरीराला आत्ता काय शक्य आहे, तो त्यांनी खाटेवर स्वतःला विचारला, एवढंच मला नोंदवायचं आहे.

याच कृष्णम्माचार्यांनी १९३७ मध्ये आपल्या अठरा वर्षांच्या मेव्हण्याला पुण्याला पाठवलं. डेक्कन जिमखान्याला योगशिक्षक हवा होता आणि डॉ. व्ही. बी. गोखले यांनी पुढाकार घेतला होता. मुलगा बारीक, लहानपणी क्षय, मलेरिया, टायफॉइड झालेला, मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम. हे बी. के. एस. अय्यंगार. त्यांच्या आठवणींत फर्ग्युसन कॉलेजच्या एका वयोवृद्ध माजी प्राचार्यांचा उल्लेख येतो. आजारपणाने इतके खंगलेले की त्यांना अंथरुणावर झोपवूनच आसनं शिकवावी लागली. विशीतला शिक्षक आणि ऐंशी ओलांडलेला विद्यार्थी. गुरूकडून शिकलेलं इथे जसंच्या तसं कामाला येणारच नव्हतं.

पुण्यात पुढच्या काही दशकांत जे साहित्य जमलं, लाकडी विटा, पट्टे, भिंतीतले दोर, लोड, बाक, लोखंडी घडीच्या खुर्च्या, त्याकडे लोक 'ज्यांना जमत नाही त्यांची कुबडी' म्हणून बघतात. १९७५ मध्ये सुरू झालेल्या अय्यंगारांच्या संस्थेत पहिल्यांदा गेलेल्या माणसाला आपण व्यायामशाळेत आलोय की सुताराकडे, असा प्रश्न पडावा. पण एकेक वस्तू काय करते ते नीट बघा. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकेना की माणूस कंबर पिळून, मान खाली घालून, कसाबसा टेकवतो. आसन दिसतं, पण बिघडलेलं. हाताखाली वीट ठेवली की जमीनच वर येते आणि पाठ सरळ राहते. सेतुबंधात माकडहाडाखाली आधार दिला की तेच आसन ताकदीने तोलून धरायच्या ऐवजी पाच मिनिटं निवांत राहता येतं. अशक्त माणसाला वेळ मिळतो. आसनाचा आकार गाठायचा की आसनाचा उपयोग, हा निर्णय त्या विटेत आहे.

अय्यंगारांची जगभर सांगितली जाणारी गोष्ट मात्र वेगळीच. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांना १९५८ मध्ये, वयाची ऐंशी उलटून गेल्यावर, त्यांनी शीर्षासन शिकवलं. ही गोष्ट खरी आहे, आणि मला ती नीटशी आवडत नाही. म्हणजे राजमातेचं कौतुकच आहे. पण अशा गोष्टींत म्हातारं माणूस चमत्कार होऊन जातं. ऐकणारा म्हणतो, ती करू शकते तर तुम्ही का नाही? आणि एकदा असं म्हटलं की माझी आजी शेजारच्या बाईंकडे बघून अंगठे पकडायला लागते. काचबिंदू असलेल्या माणसाने शीर्षासन केलं तर डोळ्यातला दाब वाढतो, हे त्या गोष्टीत कुठेच येत नाही, यायचं कारणही नाही. मला राजमातेपेक्षा १९७९ नंतरचे अय्यंगार जास्त शिकवतात. त्या वर्षी त्यांना स्कूटरचे दोन अपघात झाले. साठीचा माणूस, जगातला सगळ्यात नावाजलेला आसनपटू, आणि साधी आसनंही येईनाशी झाली. मग ज्या खुर्च्या आणि लोड त्यांनी दुसऱ्यांसाठी बनवले होते, त्यांच्यावर ते स्वतः वर्षानुवर्षं परत शिकले.

आता परत आजीच्या मणक्याकडे. १९८४ मध्येच, म्हणजे कृष्णम्माचार्य खाटेवर होते त्या वर्षी, अमेरिकेत सिनाकी आणि मिकेलसन या दोघांनी पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास छापला. काहींना पाठ मागे ताणणारे व्यायाम दिले होते, काहींना पुढे वाकण्याचे, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नंतर मणक्यांचे एक्सरे तपासले. मागे ताणणाऱ्या गटात नवीन मोड १६ टक्क्यांत, पुढे वाकणाऱ्या गटात ८९ टक्क्यांत. अभ्यास लहान होता, पण त्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्यांना कमरेतून गोल होऊन पुढे वाकायला सांगू नये, हा सल्ला सर्वमान्य झाला. पश्चिमोत्तानासन म्हणजे नेमकं तेच वाकणं, निदान आजी करत होती तसं. तिला खुर्चीवर बसवून, पाठ सरळ ठेवून, हात समोरच्या टेबलावर लांब करायला सांगितले असते तर पाठीचा ताण मिळाला असता, कणा गोल झाला नसता. हे काही नवीन ज्ञान नाही. १९८४ पासून उपलब्ध आहे. पण ते 'तुझ्या हाडांची तपासणी झाली आहे का?' या प्रश्नाच्या पलीकडे ठेवलेलं आहे, आणि पंचवीस जणांच्या रांगेत तो प्रश्न कुणी विचारत नाही.

इथे कुणी म्हणेल, आता तर सगळीकडे खुर्चीवरचा योग आहेच की. आहे. अमेरिकेत लक्ष्मी व्होल्कर यांनी १९८२ मध्ये खुर्चीवरच्या योगाचा स्वतंत्र प्रकार सुरू केला, तोही सांधे आखडल्यामुळे जमिनीवर बसता न येणाऱ्या एका विद्यार्थिनीला बघून. ती विद्यार्थिनी म्हातारीही नव्हती, तिशीतली होती. आपल्याकडे मात्र मी असे वर्ग पाहिलेत जिथे वीस ज्येष्ठ नागरिक वीस खुर्च्यांवर बसलेत आणि समोरून तेच चालू आहे: एक, दोन, तीन, चार. वस्तू रुग्णाच्या धारेतून आली, वापर कवायतीचा. वीसही जण एकदम पुढे वाकतात, फक्त आता खुर्चीवरून.

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी हेच मांडायचा प्रयत्न करतेय, आणि ते मला जड जातंय. कवायतीच्या धारेचे कागद भरपूर आहेत: पुस्तिका, हुकूम, परिपत्रकं, आणि २०१५ पासून दर २१ जूनचे फोटो. रुग्णाच्या धारेचे कागद तुटपुंजे, कारण ते ज्ञान हातात आणि नजरेत राहिलं. शिक्षकाने खांद्याला हात लावला, म्हणाला "नको, आज एवढंच", यातलं काय कागदावर येणार? आणि आलंच तर ते बरे झालेल्यांचं येतं. ज्यांना काही फरक पडला नाही, ज्यांचं दुखणं वाढलं, ते यायचे बंद झाले आणि नोंदीतूनही गेले. त्यामुळे जुन्या रुग्णकथा वाचताना मी आत्याइतकी हरखत नाही. माझ्या मार्गदर्शकांनी परवा मसुद्यावर पेन्सिलने लिहिलं: "वर्ग सोडून गेलेले कुठे आहेत?" गेले तीन आठवडे मी त्या एका वाक्याशी झगडतेय. सध्या तरी उत्तर एवढंच की त्यातली एक आमच्या घरात आहे, आणि तिची मुलाखत मी ध्वनिमुद्रित केली आहे.

आजीचं विचाराल तर चार महिने पट्टा लावून काढले. मग डॉक्टरांच्या परवानगीने आधी फिजिओथेरपी आणि आता आठवड्यातून दोनदा एक बाई घरी येतात. पहिल्या दिवशी त्यांनी एकही आसन सांगितलं नाही. औषधांची यादी मागितली, एक्सरे बघितला, रात्री बाथरूमला किती वेळा उठावं लागतं ते विचारलं, खुर्चीतून उठताना ती हाताचा आधार घेते का ते बघितलं. आजी वैतागली. म्हणाली, "योगाला आलीये की वधूपरीक्षेला?" सध्या ती भिंतीला पाठ लावून हात वर नेते, खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर उभी राहते (पडू नये म्हणून तोल सांभाळण्याचा हा सराव, आणि तिच्या वयाला तोच सगळ्यात गरजेचा), आणि गुडघ्यांखाली लोड घेऊन वीस मिनिटं शवासन करते. त्यात तिला झोप लागते. बाई म्हणतात लागू दे. आत्याला अजून वाटतं की हा काही योग नाही.